आलेला मेल योग्य टेबलावर आपोआप पोचवायचा कसा: ओएसटिकिटमधली पूर्ण मांडणी

कंपनीचा ईमेल पत्ता एकच असतो आणि त्यावर सगळंच येतं: मालाची चौकशी, बिलाची प्रत, बंद पडलेल्या संचाची तक्रार, सबसिडीचे कागद, शिवाय जाहिराती. रोज सकाळी कुणीतरी ती पेटी उघडून मेल इकडे-तिकडे फॉरवर्ड करत बसतं. ते माणूस रजेवर गेलं की वाटप थांबतं. एकाच मेलला दोघांनी उत्तर दिलं किंवा कुणीच दिलं नाही, हेही ग्राहकाचा फोन येईपर्यंत कळत नाही.

हे वाटप ओएसटिकिट या मुक्त-स्रोत हेल्पडेस्कवर सोपवता येतं. तो स्वतःच्या सर्व्हरवर पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतो आणि त्याला परवाना शुल्क नाही. सॉफ्टवेअर बसवून झालंय, सेटअप नावाचं फोल्डर काढून टाकलंय आणि कॉन्फिग फाइल फक्त वाचण्यापुरती केलीय, असं धरून पुढे जाऊ. मेनूंची नावं १.१८ या मालिकेतली आहेत. जुन्या आवृत्तीत एखादा टॅब इकडचा तिकडे असेल.

उदाहरणासाठी ठिबक सिंचनाचं साहित्य विकणारी आणि विकल्यावर देखभालही करणारी एक मध्यम कंपनी घेऊ. शेतकरी मराठीत लिहितात, विक्रेते इंग्रजीत, आणि बरेचजण रोमन लिपीतल्या मराठीत. अवघड भाग तिथेच आहे.

आधी कागदावर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी शेवटचे दोन-तीनशे मेल समोर घ्या आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा: याला शेवटी उत्तर कुणी दिलं? मेल कशाबद्दल होता हे लिहू नका. विषयानुसार रांगा केल्या की त्या पंधरा-वीस होतात, पण त्यातल्या सात-आठ रांगांचं काम एकच माणूस करत असतो. मग त्याला सात ठिकाणी डोकवावं लागतं आणि आठवी रांग त्याच्या लक्षात राहत नाही. रांग कामावर नाही, काम करणाऱ्या गटावर ठरते.

आपल्या उदाहरणात चार गट निघतात: विक्री, दुरुस्ती, हिशेब आणि सबसिडीची कागदपत्रं. पाचवी रांग ‘वाटप बाकी’. ज्या मेलबद्दल यंत्राला काहीच ठरवता आलं नाही, तो इथे पडेल. ही रांग उघडताना लोक कचरतात, कारण ती ठेवणं म्हणजे यंत्रणा अपुरी असल्याची कबुली वाटते. पण ही रांग नसेल तर अनोळखी मेल कुठल्यातरी चार रांगांपैकी एकीत घुसतो, आणि तिथल्या माणसाला ‘हे माझं नाही’ एवढंच कळतं. ‘वाटप बाकी’ला दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी बघणारा एक माणूस नावानिशी नेमा.

विभाग आणि रांग यांत फरक आहे

ओएसटिकिटमध्ये ‘डिपार्टमेंट’ आणि ‘क्यू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली तर पुढचं सगळं चुकतं.

तिकीट म्हणजे आलेल्या मेलची क्रमांक दिलेली नोंद, आणि तिची मालकी विभागाकडे असते. एका वेळी तिकीट एकाच विभागाचं असतं, आणि ते कुणाला दिसणार, कोण उत्तर देणार हेही विभागच ठरवतो. रांग म्हणजे फक्त निकष लावून केलेली यादी. एकच तिकीट ‘दुरुस्ती – उघडी’, ‘आज मुदत संपणारी’ आणि ‘माझी’ अशा तीन रांगांत एकाच वेळी दिसू शकतं. म्हणून मेल रांगेत पाठवायचा नसतो. तो विभागाकडे पाठवायचा आणि रांगेत तो आपोआप दिसतो.

क्रम असा ठेवा:

१. ॲडमिन पॅनलमध्ये एजंट्स, मग डिपार्टमेंट्स. पाच विभाग उघडा. प्रत्येकाला व्यवस्थापक नेमा, कारण मुदत उलटल्याची सूचना त्याच्याकडे जाते.

२. प्रत्येक एजंटचा, म्हणजे उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याचा, मुख्य विभाग ठरवा. त्याच्या पानावरच्या ‘ॲक्सेस’ टॅबमध्ये इतर विभागांत जाण्याची परवानगी देता येते. दुरुस्तीवाल्याला हिशेबाची तिकिटं दिसावीत, पण बदलता येऊ नयेत, असं असेल तर त्या विभागासाठी वेगळी मर्यादित भूमिका द्या.

३. सेटिंग्जमधल्या ‘तिकिट्स’ पानावर ‘क्यूज’ टॅब आहे. ‘ओपन’ या मूळ रांगेखाली प्रत्येक विभागाची उपरांग उघडा. मूळ रांगेचे निकष उपरांगेला आपोआप लागतात, म्हणून इथे फक्त ‘विभाग अमुक आहे’ एवढंच जोडायचं. क्रमवारीत जुनी तिकिटं वर ठेवा. नवीन वर ठेवली की कालचं अडकलेलं तिकीट रोज खाली खाली जातं.

पेट्या जोडणं

इथे एक निर्णय आधी घ्यावा लागतो: सगळा मेल एकाच पेटीतून ओढायचा की प्रत्येक कामाला वेगळा पत्ता द्यायचा? वेगळा पत्ता द्या. विक्री, सेवा, हिशेब आणि सबसिडी असे चार पत्ते करा, आणि जुना ‘माहिती’ पत्ताही चालू ठेवा, कारण तो लोकांच्या मोबाइलमध्ये आणि छापलेल्या पावत्यांवर आधीच गेलेला आहे.

एका पेटीला चार टोपणपत्ते देऊनही काम भागतं असं वाटतं. पण ज्या मेलमध्ये तुमचा पत्ता बीसीसीत आहे, त्याच्या ‘टू’ ओळीत तो दिसतच नाही. मेल कुठल्या पेटीत पडला यावरूनच तो कळतो. वेगळी पेटी असली की हा प्रश्न उरत नाही.

जुन्या पेटीतून नव्या पेटीत फॉरवर्ड करण्याचा मार्ग टाळा. फॉरवर्ड झालेला मेल मूळ पाठवणाऱ्याच्या नावाने, पण तुमच्या सर्व्हरवरून निघतो. मग एसपीएफ तपासणी (हा सर्व्हर त्या पत्त्याच्या नावाने मेल पाठवू शकतो का, याची) नापास होते आणि मेल स्पॅममध्ये जातो. ओएसटिकिट थेट मूळ पेटीला जोडा.

ॲडमिन पॅनल, ईमेल्स, मग ‘ॲड न्यू ईमेल’. पत्ता भरल्यावर ‘रिमोट मेलबॉक्स’ टॅबवर या. प्रोटोकॉल (पेटीतून मेल ओढण्याची पद्धत) आयमॅप, पोर्ट ९९३, एसएसएल. पॉप ही दुसरी पद्धत घेऊ नका. त्यात फोल्डर नसतात आणि पुढे लागणारी एक सोय हातची जाते.

खरी अडचण पासवर्डची. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनवर आयमॅपसाठी नुसत्या नाव-पासवर्डाचा प्रवेश बंद करायला सुरुवात केली, आणि गूगलनेही नेहमीचा पासवर्ड वापरून बाहेरच्या ॲपला जोडणं थांबवलं. म्हणून ओऑथची, म्हणजे पासवर्ड न देता परवानगीने होणारी, जोडणी लागते. मॅनेज, प्लगिन्स इथून ओऑथ-२ प्लगिन बसवून चालू करा, मग पेटीच्या पानावर तो पर्याय दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या किंवा गूगलच्या बाजूला ॲप नोंदवा, तिथून मिळालेला क्लायंट आयडी आणि सीक्रेट इथे भरा, आणि ओएसटिकिट दाखवतो तोच परतीचा पत्ता तिकडे जसाच्या तसा चिकटवा. शेवटची एक तिरपी रेघ कमी-जास्त झाली तरी जोडणी होत नाही.

दोन सापळे असे आहेत की ते पहिल्या दिवशी दिसत नाहीत. गूगलच्या बाजूला ॲप ‘एक्स्टर्नल’ प्रकारचं असेल आणि त्याची स्थिती ‘टेस्टिंग’वर राहिली, तर दिलेली परवानगी ७ दिवसांत संपते. सोमवारी सगळं सुरळीत, पुढच्या सोमवारी मेल येणं बंद. वर्कस्पेसचं खातं असेल तर ॲप ‘इंटर्नल’ ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवर केलेलं सीक्रेट जास्तीत जास्त २४ महिने चालतं. ते ज्या दिवशी संपणार, त्याच्या महिनाभर आधीची आठवण दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका. एकाच्याच कॅलेंडरमध्ये टाकली आणि तो कंपनी सोडून गेला, तर त्या दिवशी मेल थांबतो आणि कारण कुणालाच कळत नाही.

जीमेलचं साधं खातं वापरत असाल तर दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढता येतो. छोट्या कामाला तो पुरतो.

मग ‘ईमेल फेचिंग’चा भाग. दर ५ मिनिटांनी आणि एका वेळी २० ते ३० मेल, हे बहुतेकांना पुरतं. मेल ओढून झाल्यावर त्याचं काय करायचं, याला तीन पर्याय आहेत: दुसऱ्या फोल्डरात हलवणं, पुसणं किंवा तसाच ठेवणं. ‘झालेले’ नावाचं फोल्डर पेटीत आधी तयार करा आणि मेल तिथे हलवा. आयमॅप घेतला तो यासाठीच. पुढे कधी तिकीट उघडताना गडबड झाली, तर मूळ मेल तिथे अखंड सापडतो. इनबॉक्समध्ये उरलेले मेल म्हणजे न ओढलेले, हेही एका नजरेत कळतं.

पेटी चालू करण्याआधी ती रिकामी करा. इनबॉक्समध्ये जुने चार हजार मेल असतील तर ते वेगळ्या फोल्डरात नेऊन ठेवा. नाहीतर यंत्र त्यांची तिकिटं उघडायला लागेल आणि तीन वर्षांपूर्वी लिहिलेल्या माणसांना ‘आपला मेल मिळाला’ असं उत्तर जाईल.

सर्व्हरवर क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावल्याशिवाय हे काहीच आपोआप होणार नाही. ओएसटिकिटच्या ‘एपीआय’ फोल्डरात ‘क्रॉन’ नावाची पीएचपी फाइल आहे. ती दर ५ मिनिटांनी, वेबसर्व्हर ज्या युजरने चालतो त्याच युजरच्या नावाने चालू द्या. सेटिंगमध्ये ‘ऑटो-क्रॉन’ नावाचा आणखी एक पर्याय दिसेल. तो एजंट लॉगिन असतानाच काम करतो. रात्रीचे मेल सकाळी पहिला माणूस येईपर्यंत तसेच राहतात. त्याच्यावर विसंबू नका.

ईमेल्स, सेटिंग्ज इथे ‘ॲक्सेप्ट ऑल ईमेल्स’ चालू आहे ना ते बघा. तो बंद असेल तर फक्त नोंदलेल्या ग्राहकांचेच मेल तिकीट होतात आणि नव्या शेतकऱ्याच्या मेलचं तिकीट होतच नाही.

पत्त्यावरून जेवढं वाटता येईल तेवढं आधी वाटा

प्रत्येक पत्त्याच्या पानावर ‘न्यू तिकीट सेटिंग्ज’ मध्ये विभाग निवडा: हिशेब पत्त्याला हिशेब विभाग, सेवा पत्त्याला दुरुस्ती, आणि याच रीतीने पुढचे. जुन्या ‘माहिती’ पत्त्याला ‘वाटप बाकी’. हेल्प टॉपिकही (कामाचा प्रकार) तिथेच निवडता येतो आणि त्या टॉपिकलाही स्वतःचा विभाग असतो. दोन्हीकडे वेगवेगळे विभाग लिहून ठेवू नका. तिकीट कुठल्या कारणाने कुठे गेलं हे शोधताना विनाकारण वेळ जातो.

पत्त्यावरून झालेलं वाटप जवळजवळ कधी चुकत नाही, कारण निवड ग्राहकाने स्वतः केलेली असते. शब्दांवरून केलेलं वाटप हा आपला अंदाज असतो. म्हणून नवे पत्ते लोकांपर्यंत पोचवण्यावर जास्त मेहनत घ्या: पावतीच्या तळाशी ‘बिलासंबंधी’ म्हणून हिशेबाचा पत्ता, वॉरंटी कार्डावर सेवेचा पत्ता, आणि प्रत्येक विभागाच्या उत्तराखाली त्याच विभागाचा पत्ता. विभागाच्या पानावर ‘आउटगोइंग ईमेल’ म्हणून तोच पत्ता लावला की ग्राहकाचा पुढचा मेल थेट तिथे येतो.

वेबसाइटवरच्या संपर्क फॉर्मचं प्रकरण वेगळं आहे. असे फॉर्म बहुधा साइटच्या स्वतःच्या पत्त्यावरून मेल पाठवतात आणि ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये असतो. ओएसटिकिट पाठवणाऱ्याचा पत्ता बघतो, म्हणून सगळी तिकिटं एकाच ग्राहकाच्या नावावर चढतात आणि उत्तरं साइटलाच परत जातात. यावर उपाय म्हणून एक फिल्टर करा: पाठवणारा पत्ता साइटचा असेल तर ‘यूझ रिप्लाय-टू ईमेल’. त्याहून बरं म्हणजे तो फॉर्म काढून टाकून ओएसटिकिटचाच फॉर्म लावणं. त्यात ग्राहक कामाचा प्रकार स्वतः निवडतो.

शब्दांवरचे फिल्टर

आता उरला ‘माहिती’ पत्ता. मॅनेज, फिल्टर्स इथे नवा फिल्टर उघडला की चार गोष्टी भराव्या लागतात: क्रमांक, लक्ष्य (इथे ‘ईमेल्स’, आणि शक्य तिथे नेमकी पेटी), जुळणीचे नियम, आणि जुळल्यावर करायची कृती.

क्रमांक लहान तो आधी चालतो. एकापेक्षा जास्त फिल्टर जुळले तर नंतरचा आधीच्याचा निर्णय पुसून स्वतःचा लिहितो. म्हणून ‘स्टॉप प्रोसेसिंग’ची खूण कुठे करायची हे महत्त्वाचं. ‘सबसिडीसाठी बिलाची प्रत हवी आहे’ असा मेल घ्या. महाडीबीटीवर अर्ज करणारे शेतकरी असं हटकून लिहितात. त्यात ‘सबसिडी’ही आहे आणि ‘बिल’ही. हिशेबाचा फिल्टर नंतर चालला तर मेल हिशेबात जातो, तिथून सबसिडीत बदली होतो, आणि दोन दिवस वाया जातात. सबसिडीचा फिल्टर आधी ठेवा आणि जुळल्यावर तिथेच थांबवा. नेमका, कमी सापडणारा शब्द लहान क्रमांकाला. सरसकट सापडणारा शब्द मोठ्या क्रमांकाला. क्रमांक देताना १०, २०, ३० असे अंतर सोडून द्या, म्हणजे मध्ये नवा बसवता येतो.

शब्द फक्त विषयाच्या ओळीत शोधा. मजकुरात शोधायला गेलात की सहीखालचे ‘अकाउंट्स डिपार्टमेंट’, आधीच्या पत्रव्यवहाराच्या अवतरणातलं ‘बिल’, कंपनीच्या छापील सूचना, हे सगळं जुळायला लागतं. विषय रिकामा असेल तर मेल ‘वाटप बाकी’त जाऊ द्या. तो माणसाने बघावा.

मराठीत शब्दाचं रूप बदलतं, आणि ‘आहे’ (मेनूत ‘कंटेन्स’) या प्रकारच्या जुळणीला ते कळत नाही. ती फक्त अक्षरांचा क्रम बघते. म्हणून पूर्ण शब्द देण्याऐवजी सगळ्या रूपांत टिकणारा भाग द्यायचा. ‘परतावा’ दिलात तर ‘परताव्याचे पैसे’ सुटतं. ‘परताव’ दिलात तर दोन्ही सापडतात. ‘पावती’ऐवजी ‘पावत’ द्या, म्हणजे ‘पावत्या’ही येतात. ‘तक्रार’ जसाच्या तसा चालतो, कारण ‘तक्रारी’, ‘तक्रारीचं’ या सगळ्यांत तो अखंड राहतो. ‘दुरुस्ती’ अर्धे लोक ‘दुरूस्ती’ लिहितात, तर दोन्ही द्या.

पण छाटणी जास्त झाली की उलटा त्रास होतो. ‘पैसे’ आणि ‘पैशांचा’ यांत टिकणारा भाग फक्त ‘पै’. तो दिलात तर ‘चारपैकी दोन लाइन बंद’ हा मेल आणि पैठणहून आलेली प्रत्येक चौकशी हिशेबात जाईल. तिथे ‘पैसे’ आणि ‘पैश’ असे दोन वेगळे नियम करा.

‘बिल’चं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. ‘शेवटच्या लाइनला बिलकुल पाणी येत नाही’ ही उघड दुरुस्तीची तक्रार. तिच्यात ‘बिल’ आहे, म्हणून ती हिशेबात जाते. रोमन लिपीतही तेच होतं: लोक बिल हा शब्द एका ‘एल’ने लिहितात म्हणून तुम्ही बी, आय, एल ही तीन अक्षरं शोधायला ठेवली, तर इंग्रजी ‘मोबाइल’ या शब्दाच्या पोटातही ती तीन अक्षरं याच क्रमाने आहेत. मोबाइल नंबर विषयात लिहिलेला प्रत्येक मेल हिशेबात.

उपाय दोन. पहिला साधा: ‘बिल आहे’ आणि ‘बिलकुल नाही’ असे दोन नियम एका फिल्टरमध्ये ‘मॅच ऑल’ने जोडा. अडचण अशी की एका फिल्टरला ‘मॅच ऑल’ किंवा ‘मॅच एनी’ यांपैकी एकच लागतं. ‘पावत’, ‘परताव’, ‘इन्व्हॉइस’ यांपैकी काहीही चालेल असं सांगायचं असेल तर त्यांचा फिल्टर वेगळा, ‘मॅच एनी’चा. म्हणजे हिशेबासाठी दोन फिल्टर होतात. होऊ देत; वाचायला ते सोपे जातात.

दुसरा उपाय ‘मॅचेस रेजेक्स’, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन केलेली जुळणी. नमुना दोन तिरप्या रेघांमध्ये लिहायचा: /बिल(?!कुल)/ आणि शेवटच्या रेघेला लागून ‘यू’ हे छोटं रोमन अक्षर. ते अक्षर नसेल तर पीएचपी देवनागरीकडे सुट्या बाइट म्हणून बघतो आणि चौकटी कंसातले पर्याय भलतंच जुळवतात. इंग्रजीत शब्दाची सीमा दाखवायला उलटी तिरपी रेघ आणि ‘बी’ वापरतात. देवनागरीत तिच्यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच आवृत्त्यांत काना-मात्रा अक्षरात मोजल्या जात नाहीत, त्यामुळे ‘बिलाचा’मध्ये ‘बिल’नंतरच शब्द संपला असं यंत्र धरतं.

आणखी एक अदृश्य अडचण ‘ऱ्या’ची. ‘गळणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द आहेत. त्या अक्षराच्या आधीच शब्द तोडा: ‘गळणा’ पुरे.

रोमन मराठीसाठी लोक खरोखर जसं लिहितात तसं घ्या. मघाशी जमवलेल्या तीनशे मेलांच्या विषयओळींतूनच ती स्पेलिंगं उचला. डोक्याने बनवलेली स्पेलिंगं निम्मी निरुपयोगी निघतात. लहान-मोठ्या रोमन अक्षरांची काळजी ‘आहे’ प्रकारात करावी लागत नाही. रेजेक्समध्ये मात्र शेवटी ‘आय’ हे अक्षर जोडावं लागतं.

कृतींत बहुतेक वेळा ‘सेट डिपार्टमेंट’ एवढीच द्या. फिल्टरमधून थेट एका एजंटच्या नावावर तिकीट टाकण्याचा मोह होतो. तो माणूस सुट्टीवर गेला की तिकीट त्याच्या नावावर अडकतं आणि बाकीच्यांना वाटतं, कुणीतरी बघतंय. नाव द्यायचंच असेल तर टीमचं द्या.

‘रिजेक्ट तिकीट’ ही कृती फक्त नेमक्या पत्त्यांसाठी वापरा, शब्दांसाठी कधीच नाही. ‘ऑफर’ शब्दावर मेल नाकारला आणि ग्राहकाने ‘तुमच्या ऑफरमधला पंप बंद पडला’ असं लिहिलं, तर तिकीट उघडतच नाही आणि नोंद उरते ती फक्त सिस्टिम लॉगमध्ये, जिथे कुणी रोज बघत नाही.

फिल्टर फक्त नव्या तिकिटांना लागतात. ग्राहकाने जुन्या मेलला उत्तर दिलं तर ओएसटिकिट मेलच्या हेडरमधल्या (मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक ओळींतल्या) संदर्भावरून आणि विषयातल्या तिकीट क्रमांकावरून ते त्याच तिकिटाला जोडतो. त्यामुळे दुरुस्तीच्या धाग्यात ग्राहकाने मध्येच बिलाचा प्रश्न काढला तर तो दुरुस्तीकडेच येतो. तो नवीन तिकीट उघडून वेगळा करणं हे माणसाचंच काम.

पोच आणि मेलांचं चक्र

मेल मिळाल्याची पोच ग्राहकाला जावी, पण यंत्राला जाऊ नये. समोरच्याच्या बाजूलाही स्वयंउत्तर असेल तर तुमची पोच, त्याची पोच, पुन्हा तुमची, असं चक्र सुरू होतं. २००४ मधल्या आरएफसी ३८३४ या इंटरनेट-मानकाने यासाठी ‘ऑटो-सबमिटेड’ हा हेडर ठरवून दिला. तो असलेल्या मेलला ओएसटिकिट पोच पाठवत नाही. सगळी यंत्रं मात्र तो हेडर लावत नाहीत. बँकेच्या सूचना, कुरिअरचे संदेश, पुरवठादाराचा हेल्पडेस्क यांच्या पत्त्यांसाठी एक फिल्टर करा, क्रमांक ५, कृती ‘डिसेबल ऑटो-रिस्पॉन्स’, आणि या फिल्टरला थांबण्याची खूण देऊ नका, म्हणजे पुढचं वाटपही होतं. सेटिंग्जमधल्या ‘तिकिट्स’ पानावर एका ग्राहकाची एका वेळी किती तिकिटं उघडी असू शकतात याची मर्यादा ठेवा. चक्र सुरू झालंच तर ते तिथे थांबतं. विक्रेते एका वेळी बऱ्याच मागण्या पाठवतात, हे लक्षात घेऊन ती फार लहान ठेवू नका.

एजंटांना जाणाऱ्या सूचनाही आवरा. ‘न्यू तिकीट अलर्ट’ सगळ्या सदस्यांना चालू असेल तर आठ जणांच्या विभागात एका मेलचे आठ मेल होतात. दोन दिवसांत लोक त्या सूचनांसाठी स्वतःच्या इनबॉक्समध्ये नियम लावतात आणि मग खरी मुदतीची सूचनाही त्याच फोल्डरात पुरली जाते. नव्या तिकिटाची सूचना बंद, मुदत उलटल्याची चालू, एवढं पुरतं.

मुदत मोजताना भारतीय घड्याळ

प्रत्येक विभागाला एसएलए लावता येतं: अमुक तासांत उत्तर नाही तर तिकीट लाल. वेळक्षेत्र एशिया-कोलकाता आहे का ते आधी बघा. मग मॅनेज, शेड्यूल्स. तिथे तयार मिळणारं वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते ५ आणि अमेरिकी सुट्ट्या असं आहे. ते तसंच वापरलं तर शनिवारी कामावर असलेल्या माणसांची तिकिटं मोजलीच जात नाहीत आणि १ मे रोजी बंद कार्यालयात मुदती उलटतात. स्वतःचं वेळापत्रक करा: सोमवार ते शनिवार, साडेनऊ ते साडेसहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुट्ट्या दरवर्षीच्या म्हणून एकदाच टाका. गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दिवाळी यांच्या तारखा मात्र दरवर्षी नव्याने भराव्या लागतात.

वेळापत्रक लावल्यावर तास कामाचे मोजले जातात. दिवसाचे ९ तास धरले तर ‘२४ तास’ म्हणजे पावणेतीन दिवसांच्या आसपास. ‘उद्यापर्यंत उत्तर’ असं म्हणायचं असेल तर ९ लिहा. हंगामात पाणी न येणारी लाइन थांबू शकत नाही. दुरुस्तीला ४ ते ५ तास ठेवा आणि सबसिडीच्या कागदांना १८.

चाचणी

बाहेरच्या खात्यावरून मेल पाठवा. कंपनीच्या पत्त्यावरून पाठवलेल्या मेलांनी चाचणीचा निकाल फसवा येऊ शकतो. निदान हे मेल तपासा:

- ‘सबसिडीसाठी बिलाची प्रत’: सबसिडी
- ‘बिलकुल पाणी येत नाही’: दुरुस्ती किंवा वाटप बाकी, पण हिशेब नाही
- ‘परताव्याचे काय झाले’: हिशेब
- रोमन लिपीतला मराठी विषय, एक ‘एल’ आणि दोन ‘एल’ दोन्ही
- विषय रिकामा, सोबत फक्त फोटो: वाटप बाकी
- हिशेबाचा पत्ता बीसीसीत: हिशेब
- वेबसाइटच्या फॉर्ममधून: तिकीट ग्राहकाच्या नावावर
- सुट्टीचं स्वयंउत्तर लावलेल्या खात्यावरून: एकच पोच, चक्र नाही

मेल पाठवून दहा मिनिटांत तिकीट दिसलं नाही तर डॅशबोर्डमधले सिस्टिम लॉग्ज उघडा. नोंदी त्रोटक असतील तर सेटिंग्ज, सिस्टिम इथे लॉगची पातळी तात्पुरती ‘डीबग’ करा. लॉगमध्ये काहीच नसेल तर क्रॉन चालत नाहीये. लॉगमध्ये प्रवेशाची चूक असेल तर ओऑथ संपलंय. जोडणीत वारंवार चुका झाल्या की ओएसटिकिट ती पेटी काही वेळ बाजूला ठेवतो, म्हणून दुरुस्त केल्यावर लगेच मेल आला नाही तर पुन्हा बदल करत बसू नका. पंधरा मिनिटं थांबा.

चालू झाल्यावर

पहिले दोन आठवडे सर्व विभागांना एकच शिस्त लावा: चुकीचं आलेलं तिकीट बदली करताना कारणाच्या चौकटीत विषयातला तो शब्द लिहायचा, ज्यामुळे ते इकडे आलं. ‘चुकून आलं’ असं नाही. ‘विषयात पावत’ असं. शुक्रवारी या नोंदी एकत्र वाचल्या की कुठला फिल्टर बिघडलाय ते आपोआप समोर येतं. फिल्टर बदलताना एका वेळी एकच बदला आणि फिल्टरच्या ‘नोट्स’मध्ये तारीख, काय बदललं आणि कुठल्या तिकिटामुळे हे लिहा. सहा महिन्यांनी ‘बिलकुल’चा नियम कशासाठी आहे हे कुणाला आठवणार नाही, आणि नको म्हणून तो काढून टाकला जाईल.

‘वाटप बाकी’ रांग कधी रिकामी होणार नाही, तशी अपेक्षाही नको. ती वाढायला लागली तर नवा फिल्टर करण्याआधी हे बघा, की ते मेल कुठल्या पत्त्यावर येतायत. बहुतेकदा जुन्या बिलबुकावर छापलेला ‘माहिती’ पत्ता अजून फिरत असतो, आणि पुढच्या छपाईत तळाची ओळ बदलली की ते मेल कमी व्हायला लागतात.